देव राखतो म्हणजे काय?

'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. एखादे मूल माडीवरून पडले आणि खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही, किंवा नदीला लोंढा आला असता एखादा माणूस झाडाची फांदी धरून वाचला, की शेजारीपाजारी हात जोडतात आणि ही म्हण उच्चारतात. त्या क्षणी ती खरीही वाटते. परंतु त्याच पुरात दुसरा एक माणूस वाहून गेलेला असतो. त्याच्या घरच्या मंडळींसमोर ही म्हण उच्चारण्याचे धाडस आपल्याला होत नाही. एका घरात दिलासा देणारे शब्द दुसऱ्या घरात डागण्या देतात. तेव्हा देव राखतो या म्हणण्याचा अर्थ तरी काय, आणि त्या श्रद्धेने माणसाचे भय खरोखरच जाते काय, हा प्रश्न भाविकानेही आणि चिकित्सकानेही एकदा नीट विचारला पाहिजे. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम भयाचाच विचार करू. भय ही सर्वस्वी वाईट वस्तू आहे असे नाही. वाटेत साप दिसला की पाय आपोआप मागे येतो, हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांत रक्त धावते आणि शरीर पळावयास किंवा झुंजावयास सिद्ध होते. हे भय म्हणजे देहाच्या दारावरचा पहारेकरी आहे. तो नसता तर मनुष्यजात केव्हाच नाहीशी झाली असती. जनावराचे भय बहुधा संकटाबरोबर येते आणि संकटाबरोबर जाते. वाघाची चाहूल लागताच उधळलेले हरिणांचे कळप थोड्या वेळाने पुन्हा चरावयास लागतात. माणसाचे तसे नाही. त्याला स्मरणशक्ती आहे आणि कल्पनाशक्ती आहे. काल जे घडले ते तो आज पुन्हा भोगतो, आणि उद्या जे कदाचित घडणारही नाही तेही आजच भोगून ठेवतो. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असे आपले लोक म्हणतात ते याचसाठी. राक्षस बाहेर असो वा नसो, पाठ भित्री असली की तो तयार होतो.

आपल्या रोजच्या भयांची यादी करून पाहा. नोकरी टिकेल की नाही, डॉक्टरांनी करावयास सांगितलेल्या तपासणीत काय निघेल, मुलाचा निकाल कसा लागेल, म्हातारपणी कोण विचारील, आणि या सर्वांवर कळस म्हणजे लोक काय म्हणतील! या भयांची नावे निरनिराळी असली तरी मूळ एकच आहे. माझे म्हणून जे काही मी घट्ट धरून ठेवले आहे ते कोणीतरी हिरावून नेईल, ही ती धास्ती आहे. पैसा, प्रतिष्ठा, नातीगोती आणि शेवटी हा देह, या चार खुंट्यांना आपली सारी भये बांधलेली असतात.

आपल्या प्राचीन ऋषींनी हे मूळ फार पूर्वी ओळखले होते. बृहदारण्यक उपनिषदात एक छोटी कथा आहे. आरंभी प्रजापती एकटाच होता आणि एकटा असल्यामुळे त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की, माझ्यावाचून येथे दुसरे कोणी नाहीच, तर मी भितो तरी कोणाला? तो विचार येताच त्याचे भय गेले. भय उत्पन्न व्हावयास 'दुसरा' लागतो, हा त्या कथेचा अभिप्राय. त्याच उपनिषदात याज्ञवल्क्य राजा जनकाला ब्रह्माचा उपदेश करतो आणि अखेरीस, तू अभयाला पोचलास, असे त्याला सांगतो. तुझे राज्य सुरक्षित राहील किंवा तुला शंभर वर्षे आयुष्य लाभेल, असे काही तो म्हणत नाही. विद्येचे शेवटचे फळ म्हणून तो फक्त अभयाचे नाव घेतो. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची म्हणून सव्वीस गुणांची मोजदाद आहे. तिच्या अगदी आरंभी अभय आहे आणि शेवटी निरभिमानता आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या प्रवचनांत विनोबांनी या क्रमाकडे मार्मिकपणे लक्ष वेधले आहे. सद्गुणांची ही सेना चालली असता आघाडीवर अभय असावे आणि पिछाडी नम्रतेने सांभाळावी, असे त्यांचे म्हणणे. आघाडीला अभय नसेल तर सत्य, दया, दान यांपैकी एकही गुण पुढे पाऊल टाकू शकणार नाही. भित्रा माणूस खरे बोलू शकत नाही, कारण खरे बोलण्याची किंमत द्यावी लागते. भित्रा माणूस दयाही करू शकत नाही, कारण दुसऱ्याच्या संकटात हात घालणे म्हणजे ते थोडे आपल्यावर ओढवून घेणेच असते. आणि पिछाडीला नम्रता नसेल तर अभयाची घमेंड होते. यावरून एक कसोटीही हाती लागते. ज्याच्या निर्भयपणामुळे आसपासचे लोक भिऊ लागतात, त्याचा निर्भयपणा दैवी संपत्तीतला नव्हे, असे खुशाल समजावे.

आता ईश्वरनिष्ठेने भय कसे जाते याचे एक उदाहरण घेऊ. ते पुराणातले न घेता आपल्या काळाजवळचे घेतो, म्हणजे त्याची कागदोपत्री शहानिशा करता येईल. हे उदाहरण महात्मा गांधींचे आहे. निर्भय पुरुष म्हणून गांधींना जग ओळखते. पण ते जन्मजात निर्भय नव्हते. लहानपणी त्यांना भुतांची, चोरांची आणि सापांची भीती वाटे. दिव्यावाचून त्यांना झोप येत नसे, आणि आपली पत्नी अंधारात कोठेही जाऊ शकते व आपण मात्र नाही, याची त्यांना लाज वाटे. हे सारे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्यांच्या घरी रंभा नावाची दाई होती. भुताची भीती वाटली की रामनाम घ्यावे, असा साधा उपाय तिने सांगितला. त्या वयात गांधींची श्रद्धा उपायापेक्षा रंभेवरच अधिक होती. तिच्यावरच्या विश्वासाने त्यांनी नाम घेतले, काही दिवसांनी ते सुटलेही. पण बी पेरले गेले होते, आणि उत्तर आयुष्यात तेच नाम आपला अमोघ उपाय ठरले, असे त्यांनी म्हटले आहे.

या हकीकतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. श्रद्धेचा आरंभ तत्त्वज्ञानाने होत नाही. तो बहुधा एखाद्या माणसापासून होतो. आई, आजी, दाई यांच्या हाताचा जो विश्वास बालपणी मिळतो, तोच पुढे मोठा होऊन ईश्वरावरच्या विश्वासाचे रूप घेतो. ज्या घरात मुलाला बागुलबुवा दाखवून जेवू घालतात, त्या घरात देवाची भक्तीही पुढे बागुलबुवाचीच होण्याचा संभव असतो.

१९१५ साली अहमदाबादेस आश्रम स्थापन केल्यावर तेथील व्रतांत गांधींनी अभयाला स्थान दिले. १९३० साली ते पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात असताना आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्यांत अभयावरही एक पत्र आहे. देह, धन आणि आप्त यांविषयीचे ममत्व सुटल्यावाचून भय सुटत नाही, असे त्याचे थोडक्यात तात्पर्य. या वस्तू टाकून द्या असे त्यात नाही. त्या आपल्या नाहीत, ईश्वराच्या आहेत आणि आपण त्यांचे राखणदार आहोत, अशी भावना ठेवावी, असे आहे. मालकाला चोरीची धास्ती असते. राखणदाराला फक्त आपले काम चोख करावयाचे असते. भय जाण्याचे मर्म या एका फरकात आहे.

या शिकवणीची खरी परीक्षा नोआखालीत झाली. १९४६ च्या ऑक्टोबरात पूर्व बंगालच्या त्या जिल्ह्यात भयंकर दंगल उसळली. खून, जाळपोळ, बलात्कार आणि सक्तीची धर्मांतरे यांमुळे अल्पसंख्य हिंदू गावेच्या गावे सोडून पळाले. नोव्हेंबरात गांधी तेथे गेले. त्या वेळी त्यांचे वय सत्याहत्तर वर्षांचे होते. आपल्याबरोबरच्या मंडळींना त्यांनी निरनिराळ्या गावी एकेकटे पाठविले, त्यात स्त्रियाही होत्या, आणि स्वतः दोनतीन सोबत्यांसह श्रीरामपूर या गावी जाऊन राहिले. २ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी तेथून पदयात्रा सुरू केली. सुमारे दोन महिन्यांत सत्तेचाळीस गावे आणि एकशेसोळा मैलांची वाट त्यांनी पायी तुडविली, तीही अनवाणी. त्या प्रदेशात ओढे आणि खाचरे फार. ती ओलांडण्यास एकदोन बांबूंचे डळमळते साकव. म्हाताऱ्याने त्यांवरून चालण्याचा आधी सराव केला. वाटेवर कोणी घाण टाकून ठेवी. ती ते पानांनी दूर करीत आणि पुढे जात.

येथे जरा थांबून विचार करू. ईश्वरावर भरवसा असलेल्या माणसाने साकवावरून चालण्याचा सराव कशाला करावा? देव पडू देणार नाही, असे म्हणून तो सरळ पाऊल का टाकीत नाही? या प्रश्नातच उत्तर आहे. भरवसा आणि निष्काळजीपणा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सराव करणे हे आपल्या हाती आहे, तेवढे मनापासून करावयाचे. साकव मोडणे न मोडणे आपल्या हाती नाही, ते ईश्वरावर सोपवावयाचे. जे आपल्या हातचे आहे तेही देवावर टाकणे हा आळस होय. जे आपल्या हातचे नाही त्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर वाहणे म्हणजेच भय.

नोआखालीतील घाबरलेल्या निर्वासितांना गांधींनी लष्कर आणून देण्याचे वचन दिले नाही. पोलीस फार तर अंगावरचा वार चुकवतील, मनातले भय काढू शकणार नाहीत, असे ते सांगत. प्रत्येक गावी एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोघांनी परतणाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी घ्यावी, अशी त्यांची सूचना होती. ईश्वराचे रक्षण आकाशातून उतरत नसते, ते बहुधा शेजाऱ्याच्या हातांनी यावयाचे असते, हे या सूचनेतले मर्म आहे. आणि जो दुसऱ्याच्या रक्षणासाठी दारात उभा राहतो, त्याचे स्वतःचे भयही त्या वेळेपुरते तरी कोठच्या कोठे जाते, हा अनुभव आहे.

परंतु माझा चिकित्सक श्रोता येथे हात वर केल्यावाचून राहणार नाही. तो म्हणेल, 'महाशय, हे सारे ठीक आहे. पण ज्या रामावर गांधींनी भरवसा ठेवला, त्या रामाने शेवटी त्यांना राखले काय?' हा प्रश्न टाळता येणार नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थना चालू असताना बाँबचा स्फोट झाला. लोक उठू लागले. गांधींनी त्यांना शांत राहावयास सांगितले आणि आपले बोलणे पुढे चालू ठेवले. त्यानंतर प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी असे सरकारी अधिकाऱ्यांनी सुचविले असता त्यांनी संमती दिली नाही. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, प्रार्थनेस जातानाच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

देव राखतो याचा अर्थ 'देहाला इजा होऊ देत नाही' असा घेतला, तर हा भरवसा खोटा ठरला असे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण गांधींचा तसा दावा कधीच नव्हता. स्फोटानंतर लोक त्यांच्या धैर्याची वाखाणणी करू लागले, तेव्हा ती त्यांनी स्वीकारली नाही. कोणी गोळी झाडली आणि मारणाऱ्याविषयी मनात राग न येता ओठांवर रामनाम राहिले, तरच आपण स्तुतीस पात्र ठरू, अशा आशयाचे ते बोलले. म्हणजे त्यांना जे राखले जावयास हवे होते ते शरीर नव्हते. संकटाच्या ऐन क्षणी आपल्यातील सत्य आणि प्रेम ढळू नये, एवढेच रक्षण ते मागत होते. शरीर आज ना उद्या जावयाचेच असते, देव कितीही दयाळू असला तरी. मनाची ती अवस्था मात्र बाहेरचा मारेकरी हिरावून घेऊ शकत नाही. ती आपण स्वतःच भयापोटी टाकून देतो.

आपल्या पंढरपूरच्या विठोबाकडे या दृष्टीने एकदा पाहावे. आपल्या पुष्कळ देवांच्या मूर्तींत एक हात अभयमुद्रेत उंचावलेला असतो, 'भिऊ नको' असे सांगणारा. कित्येकांच्या हाती शस्त्रेही असतात. विठोबाचे दोन्ही हात कटीवर आहेत. उगारलेले शस्त्र नाही, उंचावलेला तळवाही नाही. आणि तरीही शतकानुशतके महाराष्ट्रातील शेतकरी, कारागीर, विधवा, अस्पृश्य मानले गेलेले लोक या देवाला आपली माउली म्हणत आले. तुकोबांच्या तरुणपणी, १६३० च्या सुमारास, दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. विठोबाने दुष्काळ अडविला नाही. पण त्या होरपळीतून बाहेर पडलेल्या तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडविले, असे परंपरा सांगते. ज्याचे सर्वस्व गेले तो माणूस कृपण आणि कडवट होणे साहजिक होते. तो उदार झाला. देवाने राखले ते हे, असे मी समजतो.

ईश्वराने मला अमुक संकटातून वाचवावे म्हणून मी त्याला अमुक देईन, हा सौदा झाला. सौद्यात भय कायमच राहते, कारण समोरचा आपला शब्द पाळील की नाही ही शंका सुटत नाही. आणि या शंकेवरच एक मोठा बाजार उभा आहे. तुमच्यावर कोणीतरी करणी केली आहे, तुमच्या पत्रिकेत अमुक दोष आहे, असे आधी भय घालावयाचे आणि मग त्यावरचा तोडगा विकावयाचा, हा त्या बाजाराचा नियम. पूर्वी पोस्टकार्ड येई, 'हा मजकूर दहा जणांस लिहून पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल.' आता तोच मजकूर मोबाईलवर येतो, एवढाच काय तो बदल. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो अशा भयाच्या व्यापाऱ्यांपैकी जे अधिक क्रूर आहेत त्यांच्यासाठी. उरलेल्यांचा बंदोबस्त मात्र प्रत्येकाने आपल्या उंबरठ्यावरच केला पाहिजे. त्यासाठी एक सोपी खूण सांगता येईल. जो उपदेश ऐकून तुमचे भय वाढते आणि खिसा हलका होतो, तो देवाकडून आलेला नव्हे.

येथे दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे. देव न मानणारा माणूस निर्भय असू शकत नाही काय? अवश्य असू शकतो. भगतसिंगांनी १९३० साली तुरुंगात, फाशीच्या छायेत, आपण नास्तिक का आहोत हे सांगणारा निबंध लिहिला. श्रद्धेने हाल सौम्य होतात, देवात माणसाला मोठा आधार सापडतो, हे त्यांनी त्यात मान्य केले आहे, आणि तरीही तो आधार घ्यावयाचे नाकारले आहे. २३ मार्च १९३१ रोजी ते धैर्याने फासावर गेले. अशा पुरुषापुढे आस्तिकानेही मस्तक नमवावे. त्यांनीही आपला देह स्वतःहून मोठ्या अशा एका वस्तूच्या स्वाधीन केला होताच, त्या वस्तूचे नाव फक्त वेगळे होते. स्वतःभोवती फिरणारे मन निर्भय होऊ शकत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखे आहे. सामान्य प्रापंचिक माणसाला ईश्वराच्या नावाने हे समर्पण करणे सोपे जाते, इतकेच भक्तिमार्गाचे म्हणणे आहे.

आणि या भक्तिमार्गाने विवेक सोडावा असे मुळीच नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली. शेकडो वर्षे पायी चालणारी आषाढी वारी त्या वर्षी लक्षावधी वारकऱ्यांनी केली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या आणि १ जुलैची एकादशी वारकऱ्यांनी आपापल्या घरी केली. देव राखील म्हणून गर्दी करू, असे म्हणणे काही अवघड नव्हते. पण आपल्या भरवशाची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकती करणे हा भरवसा नसून देवाची परीक्षा पाहणे आहे, हे त्या साध्या माणसांना उमगले होते. घरी बसलेल्या वारकऱ्याची निष्ठा त्या वर्षी चालणाऱ्याइतकीच खरी होती.

मग आपण संसारी माणसांनी करावयाचे काय? तीन गोष्टी सुचवितो. पहिली, भयाला नाव द्यावे. रात्री छातीवर बसणारे अनामिक ओझे 'मला अमुक गोष्टीची भीती वाटते' असे स्पष्ट शब्दांत मांडले की निम्मे उतरते. दुसरी, त्यातले आपल्या हातचे किती ते वेगळे काढावे आणि तेवढे त्याच दिवशी करावे. डॉक्टरकडे जावयाचे असेल तर जावे, हिशेब तपासावयाचा असेल तर तपासावा. भय दिवसचे दिवस पाठ सोडीत नसेल, झोप आणि अन्न तोडीत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर वैद्यकीय उपचार घेण्यात श्रद्धेला काही उणेपणा येत नाही. तिसरी, उरलेला भाग ईश्वराच्या हवाली करावा आणि तो पुन्हा मागू नये. नामस्मरण, प्रार्थना, देवापुढे दोन मिनिटे शांत बसणे यांचा उपयोग याच ठिकाणी आहे. हवाली केलेली चिंता मन दहा वेळा परत आणील, अकराव्या वेळी पुन्हा ठेवून यावी. रंभेने सांगितलेला उपायही एका दिवसात लागू पडला नव्हता, त्याला आयुष्य लागले.

ज्या घरातला माणूस पुरात वाहून गेला त्या घरात आपण जाणार असू, तर म्हण घेऊन जाऊ नये. देवाने असे का केले याचे उत्तर आपल्यापाशी नाही, आणि ते असल्याचा आव आणणे हा त्या दुःखाचा अपमान आहे. त्या घरी शिजवलेले अन्न घेऊन जावे, कागदपत्रांच्या खेपा घालाव्या, मुलांची शाळा बंद पडू देऊ नये, आणि रात्री कोणाला एकटे झोपवत नसेल तर सोबतीला राहावे. देव राखतो की नाही हे त्या घराला कळावयाचे असेल, तर ते पुष्कळदा आपल्या येण्यावरूनच कळणार आहे.